९.३ सेकंदांचा आकडा आणि माझ्यामागची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, शिक्षण सातवी, धंदा मोटारदुरुस्ती (आता बंद), राहणार गॅरेजच्या वरच्या दोन खोल्यांत, हा कागद स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. मी भानावर आहे असे डॉक्टरांनी तपासून लिहून दिले आहे, ते सोबत जोडले आहे. मला स्वतःला विचाराल तर गेल्या गुरुवारी बसलेला धक्का अजून ओसरलेला नाही. पण अक्षर सरळ येते आहे, म्हणजे डोके ठिकाणावर असावे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात धाकट्या भावाबद्दल जे लिहिले होते ते कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी ते फाडले आणि तुकडे मोजून जाळले.

कलम एक. वरच्या दोन खोल्या सामानासह आणि बँकेतील ठेव माझ्या लेकीला. मोरीच्या नळाचे वॉशर सहा महिन्यांनी बदलावे. गॅस बंद केल्यावर पुन्हा एकदा जाऊन पाहावा. ती यावर हसते, पण माझ्यामागे पाहायला कोणी नसणार म्हणून लिहिले. हे लिहितानाही मी उठून पाहून आलो.

कलम दोन. पान्यांचे दोन्ही संच, जॅक आणि कार्ब्युरेटर साफ करायच्या तारा, माझ्याकडे चोवीस वर्षे काम केलेल्या वेल्डरला. डावीकडचा जॅक हळूहळू खाली बसतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये, हे त्याला तोंडी पण सांगावे.

कलम तीन. शेजारच्या शिंप्याला काही नाही. अकरा वर्षे त्याची स्कूटर माझ्या शटरसमोर उभी असते. साक्षीला तो येणार आहे, तेवढे पुरे.

कलम चार, गाडी. दोन दरवाजांची, बुटकी, लाल स्पोर्ट गाडी. मागे माणूस बसवला तर गुडघे कानाला लागतात. अठ्ठावीस वर्षांपूर्वी घेतली. कंपनीच्या पुस्तिकेत होते की थांबल्या जागेवरून ताशी शंभर गाठायला ११.१ सेकंद लागतात. मी कार्ब्युरेटर बदलला, सायलेन्सर मोकळा केला आणि गाडी जमिनीला चिकटून बसावी म्हणून मुळापेक्षा बुटके, रुंद टायर घातले. मग मी चालवायला बसलो आणि धाकटा भाऊ बाजूच्या सीटवर स्टॉपवॉच घेऊन. वेगाचा काटा शंभरला टेकला तेव्हा ९.३ सेकंद झाले होते. हा आकडा मी शटरवर हातभर मोठा रंगवून घेतला. तो वाचून लोक येऊ लागले. एकेचाळीस गाड्या मी तशाच करून दिल्या, टायरांसकट.

गॅरेज तेव्हा आम्हा दोघांचे होते. धाकटा पहिल्यापासून मोजमापाचा माणूस, बोलेल कमी आणि मोजेल जास्त. त्याला काट्याचा भरवसा वाटेना. दोन वर्षे तो माझ्या मागे लागला होता. शेवटी त्याने टेप धरून सरळ रस्त्यावर चारशे मीटर आखले आणि एकट्याने गाडी पळवली, जातानाही आणि येतानाही, म्हणजे उताराचा आणि वाऱ्याचा फायदा कोणाला मिळू नये. पुस्तिकेत चारशे मीटरला १७.९ सेकंद होते, त्याला मिळाले १७.८. त्याचे म्हणणे इतकेच होते की शंभर गाठायला जवळजवळ दोन सेकंद कमी लागत असतील, तर चारशे मीटरला एकच दशांश कसा कमी होतो. काटा जास्त दाखवतो, आकडा पुसून टाक.

मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर जे बोललो ते इथे लिहिले नव्हते. आज सकाळी लिहिले, का ते पुढे येईल. मी म्हणालो, "गाडीत दोष नाही, तू ॲक्सिलरेटरवर पाय चोरतोस. माझं नाव झालेलं तुला बघवत नाही." त्याने स्टॉपवॉच टेबलावर ठेवले आणि हात पुसून निघून गेला. पुढे तो बस डेपोत चालक म्हणून लागला. सव्वीस वर्षे आम्ही बोललो नाही. माझी बायको शेवटपर्यंत म्हणायची की भाऊजी खोटे बोलणाऱ्यांतले नाहीत, एकदा जाऊन या. ती गेली तेव्हा तो समोरच्या फुटपाथवर उभा राहिला आणि परत गेला. मीही हाक मारली नाही.

आता गुरुवारचे. या कागदासाठी गाडीची किंमत काढायची होती, म्हणून मीच लेकीला म्हणालो की गाडी खरोखर किती पळते तेही लिहून घेऊ, भाव वाढेल. ती रस्ते मोजणाऱ्या कचेरीत आहे. तिथून तिने काडेपेटीएवढे यंत्र आणले. ते वरच्या उपग्रहांवरून वेग काढते, चाकाशी त्याचा संबंध नाही. सकाळी दहा वाजता, मोकळ्या रस्त्यावर, तीनदा जाताना आणि तीनदा येताना, ती चालवायला आणि मी शेजारी. तिसऱ्या खेपेनंतर तिने गाडी कडेला घेतली आणि यंत्रातले आकडे पुन्हा एकदा पाहिले.

मग म्हणाली, "बाबा, काटा शंभरवर होता तेव्हा आपण एक्याण्णवनं जात होतो."

मी म्हणालो यंत्र बिघडले आहे. तिने ते स्वतःच्या गाडीत लावून दाखवले, तिथे ते बरोबर चालले. आमच्या लाल गाडीला खरे शंभर गाठायला १०.९ सेकंद लागतात. एकशे ऐंशीची जी बढाई मी मारत आलो ते एकशे चौसष्ट निघाले. म्हणजे माझ्या सगळ्या कारागिरीने गाडी सुधारली ती दोन दशांश सेकंदांनी. ९.३ सेकंदांत जे होते ते फक्त एक्याण्णव.

कारण तिने सांगितले. काटा रस्ता मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. टायर बुटका केला की तेवढ्याच रस्त्याला चाक जास्त फेऱ्या घेते आणि काट्याला वाटते गाडी जोरात पळाली. मी जन्मभर टायर बदलले. हे मला लेकीने रस्त्याच्या कडेला उभे राहून समजावावे लागले. मी दार उघडून उतरलो आणि टायरच्या कडेवरचे आकडे वाचत उभा राहिलो.

गाडी लेकीला. अट एकच, मूळ मापाचे टायर घालावेत. एकेचाळीस गिऱ्हाइकांपैकी ज्यांचे पत्ते सापडतील त्यांना खरा आकडा कळवावा आणि शटर रंगवून घ्यावे.

कलम पाच. खालच्या गॅरेजचा अर्धा हिस्सा धाकट्या भावाला, उरलेला अर्धा लेकीला. एखादा हिस्सा कोणी घेतला नाही तर तोही लेकीकडे जावा. त्याचा पाय बरोबर होता आणि माझा काटा चुकीचा होता, हे मी लेखी मान्य करतो.

हे लिहून झाल्यावर लेकीने काकाला फोन केला. मी करणार होतो, दोनदा आकडे फिरवले आणि ठेवला. तो आज सकाळी आला. केस पार पांढरे झाले आहेत, मला आधी ओळखूच येईना. त्याने बसायच्या आधी यंत्रातले आकडे मागितले. शंभरचा आकडा सोडून त्याने बोट खाली नेले, चारशे मीटरपाशी. १७.८. मग तो बसला.

सगळा कागद त्याने वाचला आणि विचारले की पाय चोरतोस हे चार जणांसमोर म्हणालास, ते यात कुठे आहे. ते मी त्याच्यासमोर वर समासात लिहिले. कागद तपासायला आलेल्या वकीलबाईंनी तिथे माझी लहान सही घेतली.

दुसरे साक्षीदार डॉक्टर व्हायचे होते, त्यांना अर्धा तास उशीर होता. धाकट्याने पेन उचलले आणि म्हणाला साक्षीला मी आहे. वकीलबाई घाईने मध्ये पडल्या. त्यांनी समजावून सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, सही केलीत तर तुमचा अर्धा हिस्सा गेला, डॉक्टर येतीलच, थांबा.

तो म्हणाला, "सव्वीस वर्षं थांबलो, बाई. आता अर्धा तास नाही थांबत."

मी एवढेच म्हणालो, "अरे, गॅरेज?"

"ते पोरीला राहू दे, दादा. गॅरेज मी तेव्हाही मागितलं नव्हतं."

वकीलबाई विचारतात कलम पाच खोडायचे का. मी खोडत नाही. त्याने घेतले नाही तरी मी दिले होते, हे लिहिलेले राहावे. तो समोर पेन धरून उभा आहे आणि मला सही करायला सांगतो आहे, म्हणून इथे थांबतो. वरील सर्व मी वाचले, मला समजले आणि ते माझ्याच मनाप्रमाणे आहे.

ठिकाण: गॅरेजची पुढची खोली
मंगळवार, चौदा तारीख, सकाळी साडेअकरा

लिहून देणार: मोठा भाऊ, गॅरेजवाला (सही)

दोघांच्या समक्ष सही झाली, त्याचे साक्षीदार:

१. शेजारचा शिंपी (सही)

२. धाकटा भाऊ, बस डेपोतील निवृत्त चालक (सही)
सहीखाली त्याच्या हातचे: शंभरला १०.९. दोन्ही बाजूंनी मोजलेले. बरोबर.