पाणी नको म्हणालो

९ एप्रिल १९७८, रविवार. दौंड.
मोरीकडे फेऱ्या अकरा. कालच्यापेक्षा दोन जास्त. उभं राहावं तर धार येत नाही, येऊन बसावं तर वाटतं अजून राहिलंय. हिनं विचारलं, पोट बिघडलंय का? हो म्हटलं. छत्तीस वर्षांच्या संसारात खोटं बोलायला हीच जागा सापडली.
सुजाताचं लग्न १४ मेला. लग्न बाबांनीच लावायचं, हा पोरीचा हट्ट. माझाही. राहू, वडगाव रासाई, शिक्रापूर, सगळीकडं बौद्ध पद्धतीनं लग्नं लावत हिंडलो, आणि लेकीच्या लग्नाला दुसरा माणूस आणू? पण पांढरं धोतर, पांढरा सदरा, दीड तास चारशे माणसांसमोर बैठक. पांढऱ्यावर थेंबही लपत नाही.

१२ एप्रिल, बुधवार.
फे. १२. शेजारचा कोंडिबा आला. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्याला सगळ्या रोगांवर औषध माहीत. पळसाची फुलं उकडून ओटीपोटावर बांधायला सांगितली. "म्हातारपन हाय गुरुजी, कुनाला चुकलंय?" बांधली. धोतर पिवळं झालं, बाकी काही नाही. डॉक्टरकडं जा असं तो म्हणाला नाही, मीही विषय काढला नाही. त्याचा थोरला भाऊ याच दुखण्याच्या ऑपरेशनला पुण्याला गेला तो परत आला नाही.

१५ एप्रिल, शनिवार.
उद्या राहूला लग्न लावायचंय. तोड सापडली. आज दुपारपासून पाणी बंद. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे आधीच सुचायला हवं होतं. राहूला जमलं तर सुजाताच्या लग्नातही हेच.

१७ एप्रिल, सोमवार. दवाखान्यात, खाटेवर.
व्हायची ती फजिती झाली.
राहूला उन्हातून पोचलो. नवरदेवाच्या आजीनं तांब्या पुढं केला. नको म्हणालो. पुन्हा केला. पुन्हा नको. म्हातारी तांब्या तसाच धरून म्हणाली, "गुरुजी, तुमालाबी आमचं पानी चालंना व्हय?"
वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलून प्यायलेली ती बाई. मीही तसाच वाढलो. आणि आपल्याच माणसाच्या दारात मी पाणी नाकारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी प्यालो नाही. चहा मात्र तीन कप घेतला, चहाला नाही म्हणायची जिभेला सवयच नाही.
लग्न पार पडेपर्यंत दाबून धरलं. नंतर कुंपणाआड गेलो तर थेंब नाही. तासाभरात पोट भोपळ्यासारखं. ओरडायचं नाही म्हणून उपरणं दातात धरलं होतं. नवरदेवाच्या चुलत्यानं जीपमध्ये घालून दौंडला आणलं.
रबरी नळी घातली ती कंपाउंडर नामदेवनं. वडगाव रासाईच्या शाळेत माझ्या हाताखाली दुसरीत होता. एकदा करंगळी वर करून उभा राहिला. मी म्हटलं, बस खाली, घंटा होऊ दे. घंटेपर्यंत त्याला धरवलं नाही. पोरं हसली. मीसुद्धा.
काल तो एवढंच म्हणाला, "सैल सोडा गुरुजी. आता दाबून धरू नका." त्याला ते आठवतं का? दिवसभर तेच डोक्यात.

१८ एप्रिल.
डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेटची गाठ वाढलीय, उतारवयात पुष्कळांची वाढते. गाठ म्हटल्यावर मी विचारलं, कॅन्सरची? तसली वाटत नाही म्हणाले, पण पुण्याला तपासू. पाणी तोडल्याबद्दल चांगलंच फैलावर घेतलं. पाणी दिवसा प्यायचं, संध्याकाळनंतर कमी. चहा दोन कप. बसून राहायचं नाही, चालायचं. आणि लागली की उठायचं, धरायचं नाही. ऑपरेशन लवकर. १४ तारखेनंतर, मी म्हटलं. नळी काढून बघू म्हणाले. पुन्हा तुंबलं तर लग्नबिग्न काही नाही, थेट पुणे.

२३ एप्रिल, रविवार.
नळी काढली. आपली आपण झाली! एवढ्याशा गोष्टीनं डोळ्यात पाणी आलं.
नामदेवला विचारलंच, शाळेतलं आठवतं का. "आठवतंय की. त्या दिशी घरी गेलोच न्हाई. चड्डी वाळंपातूर नदीवर बसलो." राग नाही, काही नाही, हातातली पट्टी गुंडाळत होता. माफी मागायची होती. तोंडातून निघालं, "मुलं किती तुला?" भित्रा माणूस मी.

३ मे, बुधवार.
हिनं सुजाताला सगळं सांगून टाकलं. मी चिडलो, जेवलो नाही. पोर येऊन शेजारी बसली. म्हणाली, मधेच उठून गेलात तरी आम्ही दोघं जागचे हलणार नाही. म्हटलं, अगं, पाहुणे काय म्हणतील?
"म्हणतील, नवरीच्या बापाला लघवीला लागली."
हसू आलं मेलं. खूण ठरली. मी करंगळी वर करायची, बायकांनी बुद्धवंदनेच्या गाथा सुरू करायच्या, मी येईपर्यंत थांबायचं नाही. साठी उलटलेल्या मास्तरानं करंगळी दाखवायची. तिची अट एकच, पाणी तोडायचं नाही.

१० मे.
सकाळी दोन तास अडली. मोरीत भिंतीला डोकं टेकून उभा. मग थोडी झाली. कुणाला सांगितलं नाही. पुण्याच्या डॉक्टरांच्या नावची चिठ्ठी खुंटीवरच्या कोटात आहे, दिवसातून दहा वेळा चाचपतो. कोंडिबाचा भाऊ डोळ्यांपुढून हलत नाही. गेलो आणि परत आलोच नाही तर, निदान लेकीचं लग्न तरी...

११ मे.
नामदेवला आमंत्रण द्यायला गेलो. पत्रिका हातात दिली आणि म्हटलं, चुकलं माझं तेव्हा. तो म्हणाला, येतो लग्नाला.

१४ मे, रविवार. सकाळ.
धोतर नेसून बसलोय. सकाळपासून फे. ४, शेवटची धड झाली नाही. ओटीपोट जड. की नुसती भीती? कळत नाही.
नामदेव आलाय. स्वच्छ पांढरा शर्ट, हातात दवाखान्यातली छोटी पिशवी. आत काय आहे ते विचारलं नाही. दाराजवळ बसलाय. माझं आसनही कुणीतरी मधून उचलून दाराच्या बाजूला मांडलंय.
मंडपातून दोनदा बोलावणं आलं. सुजाता पांढऱ्या साडीत तांब्या घेऊन पुढं उभी. नुसता धरून राहिली. तांब्या रिकामा करून तिच्या हातात दिला.
आता उठतो.