भित्रीला सरळ करू नकोस

अंतराळस्थानक
सोमवार, ३ तारीख

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तू वाढवलेल्या सहाही उंदीरपोरी सुखरूप पोचल्या. सुरुवातीला सगळ्या जाळीला गच्च धरून बसल्या होत्या, मग एकेकीचं धाडस वाढलं. आता मागच्या पायांनी जाळी धरतात आणि पुढचे पाय मोकळे ठेवून खातात. पाच जणी तर पिंजऱ्याच्या भिंतींवरून गोल गोल पळत सुटतात. त्यांना छप्पर नाही, जमीन नाही, सगळंच अंगण.

सहावीने मात्र जिवाला घोर लावलाय. मी तिला भित्री म्हणते. कोपरा सोडत नाही, खाण्याला तोंड लावत नाही. तुमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरांचा निरोप आलाय की रविवारपर्यंत वजन घटतच राहिलं, तर इंजेक्शन देऊन तिला संपवायचं. ते मलाच द्यावं लागणार. बारके, माझ्या हातून ते होणार नाही गं. पिंजऱ्याचं चित्रीकरण रोज तुझ्याकडे येतंच. नीट बघ आणि काहीतरी सुचव.

आईला यातलं काही सांगू नकोस. परवा माझ्याशी पडद्यावर बोलताना तिला भित्री दिसली, तर बिचारी उलटी लटकलीय, सरळ कर तिला, असं मला दहादा बजावलं. करतेय मी, काळजी नको म्हणावं.

इथे कशालाच वजन नाही, तेव्हा माया पाठवताना हात आखडता घेऊ नकोस.

तुझी,
ताई


घरी
बुधवार, ५ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि माझंही जेवण गेलं. आईपासून लपवणं सोपं नाही, ती रोज माझं तोंड वाचते. स्थानकावरचा तुमचा सगळ्यांचा फोटो तिने कपाटावर ठेवलाय. पण त्यात तू उलटी आहेस, म्हणून तिने फ्रेमच उलटी केलीय. आता तू सरळ आणि तुझे सहकारी डोक्यावर! पोरीच्या डोक्यात रक्त उतरेल, म्हणते. उतरायला तिथे ‘खाली’ असं काही नसतंच, हे तिला काही केल्या पटत नाही.

आता भित्रीचं. डोळे चुरचुरेपर्यंत सगळं चित्रीकरण पाहिलं. रागावू नकोस, पण चूक तिची नाही, तुझी आहे. बाकीच्या पाच जणींना तू हात लावत नाहीस. भित्री उलटी दिसली की तुझा हातमोजा आत जातो आणि तू तिला पायांवर उभी करतेस. कुठल्या जमिनीवर, ताई? इथे पिंजऱ्याची जी बाजू आपण टेबलावर टेकवायचो, तिला तू अजून जमीन समजतेस. ती बापडी मुश्किलीने एक जागा पकडते, खायला मान वळवते, तेवढ्यात तू तिला उचलतेस. आई आपल्याला झोपेत सरळ करायची, आठवतं? सकाळी मान आखडलेली असायची. अगदी आईवर गेली आहेस.

डॉक्टरांशी भांडले, पण मुदत हलली नाही. तोवर हात आत घालू नकोस, ती कशीही लटको. मला भीती वाटतेय गं. माझंच चुकलं असेल तर तिचे उरलेले दिवसही फुकट जातील.

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
बारकी


अंतराळस्थानक
रविवार, ९ तारीख

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसे हात आवरले. फार कठीण गेलं. गुरुवारी ती तशीच आक्रसून बसली होती आणि माझा जीव टांगणीला. इंजेक्शनचा डबा काढूनही ठेवला होता. शुक्रवारी तिने आपली आपण जागा बदलली. मला छत वाटतं तिथे पाय रोवले, मान वळवली आणि खायला लागली! काल ती त्या पाच जणींच्या मागे पळाली, धडपडली, पुन्हा पळाली. आज इथल्या खास यंत्रावर वजन केलं, थोडं वाढलंय. डॉक्टरांनी डबा परत ठेवायला सांगितलं.

मग मी रडले. इथे अश्रू ओघळत नाहीत, डोळ्यालाच चिकटून बसतात. रुमालाने टिपून काढावे लागले.

आता आईला सगळं सांग. माझी बोलणी तू खा, आशीर्वाद मी घेते.

तुझी,
ताई


घरी
मंगळवार, ११ तारीख

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईला सांगितलं. लपवल्याबद्दल मला यथेच्छ बोलून झालं. मग, भित्री आता खाते ना, एवढंच विचारलं. हो म्हटलं, उलटी लटकूनच खाते.

ती उठली, कपाटावरचा फोटो उचलला, पदराने पुसला आणि फ्रेम फिरवून ठेवली. आता तुझे सहकारी सरळ आहेत आणि तू डोक्यावर. माझ्याकडे न बघताच म्हणाली, की पोरगी जेवतेय ना, मग राहू दे तिला उलटी.

तुझी,
बारकी