इन्व्हर्टरचं झाकण

दादा,

आईची बोटं तू भाजलीस. घरातला मोठा म्हणून तुझ्यापुढे कुणी तोंड उघडत नाही, पण आज मी उघडणार.

जुन्या लॅपटॉपचा पडदा काढून आपण घरात लावलाय, त्यात दिवा एकच, म्हणून मी तो पेटवणारा एका दिव्याचाच छोटा इन्व्हर्टर शोधून बसवला होता आणि वर प्लास्टिकचं झाकण घातलं होतं. तू तो परस्पर तुझ्या दुरुस्तीच्या गिऱ्हाइकाला दिलास आणि त्याच्या जागी दोन दिव्यांचा लावलास. तोही उघडाच, दुसऱ्या दिव्याच्या जोडणीचं तोंड मोकळं सोडून! आत बारा व्होल्ट जातात आणि बाहेर हजाराच्या घरात येतात, हे मला शिकवलं कुणी?

आई धूळ पुसत होती. मीच तिला सांगून ठेवलं होतं, "खुशाल हात लाव, मी झाकलंय." माझ्या शब्दावर तिने हात घातला.

तिला दवाखान्यात नेतेय. प्लग काढलाय, पुन्हा लावायचा नाही.

आत्ताही ती म्हणतेय, "त्याला बोलू नकोस गं, तुझ्याच हातून झाकण राहिलं असेल."

आम्ही परत आलो की तिच्यासमोर सांग: झाकण काढलंस, तेव्हा मला का सांगितलं नाहीस?