फुलं आमची, हार बाजाराचा

बाई,

आज वर्गात एका मुलीने हात वर करून विचारलं, "मॅडम, इंग्रज जाऊन एवढी वर्षं झाली, मग आपल्यासारखे देश अजून गरीब कसे?" मला एकदम हसूच फुटलं. मुली चपापल्या. त्यांना काय माहीत, हाच प्रश्न दहावीत मी तुम्हाला विचारला होता, तोही फणकाऱ्याने! मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते हे बघायला तुम्ही राहिला नाहीत, पण आज तुम्ही हातावरचा खडू झटकत अगदी समोर उभ्या होतात.

तो शिक्षकदिन आठवतो का? आईने तुमच्यासाठी झेंडूचा हार पाठवला होता. द्वारका चौकातल्या दुकानातून घेतलेला, चांगला घसघशीत. मी ऐटीत तुमच्या गळ्यात घातला, तर तुम्ही म्हणालात, "अगं, तुमचा फुलांचाच मळा ना? मग हार विकतचा?" मी म्हटलं, "फुलं सकाळीच मार्केटला गेली, बाई. हार ओवायचं काम आमचं नाही. आम्ही मळेवाले." तुम्ही इतक्या हसलात की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग तो हार गळ्यात तसाच ठेवून तुम्ही इतिहासाचा तास घेतलात. इथला कापूस बोटीने जायचा, कापड होऊन परत यायचा; पिकवणाऱ्याच्या हाती थोडंच पडायचं, आपले विणकर देशोधडीला लागले, कमाई समुद्रापार गेली. "आणि हिच्या घरची फुलं," हाराला हात लावत तुम्ही म्हणालात, "बाजारात जाऊन हार होऊन परत आली. यांच्यावर कुठल्या गोऱ्या साहेबाने सक्ती केली होती, विचारा!" वर्ग खदखदून हसला. मी लालबुंद होऊन तो प्रश्न केला. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ते गेले, पण माल उचलून बंदरावर न्यायची वाट ठेवून गेले. माल इथेच घडवायची वाट आपल्याला पाडायची होती. काही पाडली, बरीच राहिली. कुणी कुठलं काम करायचं नाही, हे तर आपण त्यांच्याही आधीपासून ठरवून बसलोय. सगळं खापर त्यांच्यावर फोडून मोकळ्या होऊ नका."

पुढच्या रविवारी तुम्ही थेट आमच्या स्वयंपाकघरात. वडील भिंतीला टेकून सांगतायत, "बाई, पोरगी हुशार हाय, नाय कोन म्हनतं? पन दहावीपतुर बास. कॉलेज आपल्याला नाय झेपायचं." मी चुलीपाशी मान खाली घालून बसलेली. माझं सगळं आयुष्य तुमच्या हातातल्या चहाच्या कपात येऊन थांबलं होतं. तुम्ही म्हणालात, "दसऱ्याला निम्मी फुलं घरी ठेवा. हार करून विका. कॉलेजचं झेपतं का, ते मग बोलू." वडील म्हणाले, "हार ववायचं आपलं काम नाय." आई मात्र दाभण शोधायला उठली होती! दसऱ्याच्या आदल्या रात्री तुम्हीही आमच्यासोबत ओवायला बसलात. तुमचा हार पाहून आई म्हणाली, "बाई, तुमी शाळंतच बऱ्या." घरात एवढं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी आई आणि मी रस्त्याकडेला पोतं अंथरून बसलो. मळेवाल्यांचा हात सढळ, आईने फुलाला फूल भिडवून हार केलेले. शेजारची हारवाली कळवळली, "अवो ताई, मधी आंब्याचा पाला घाला, काय दिवाळं काढता!" पण गिऱ्हाईक ते भरघोस हार पाहून आमच्याकडेच वळत होतं. दुपारच्या आत पोतं रिकामं, आणि आई वेड्यासारखी हसत सुटली. घरी आलो तेव्हा ध्यानात आलं, आपल्याच दाराला तोरण नाही! गावभर हार विकले आणि स्वतःसाठी फूल ठेवायचं राहिलं. आई कपाळावर हात मारून उंबऱ्यावर बसली. वडील उठून मळ्यात गेले, उरलेली कोवळी फुलं धोतराच्या सोग्यात घेऊन आले, आणि त्यांनी स्वतः दाभण हातात धरलं. बोटं अडखळत होती. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "कंच्या कॉलेजात जायचं म्हनतीस?" बाई, मी तुमच्या घरापर्यंत पळत आले होते, आठवतं?

आजच्या मुलीला मी बंदराची वाट सांगितली, ही दसऱ्याची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, "पण मॅडम, सगळ्यांना तुमच्या बाई कुठे भेटतात?" मी फळा पुसायला वळले. तिने प्रश्न मात्र सोडला नाही, आणि मला कितीतरी आनंद झाला. म्हणून तास संपल्यावर तुम्हाला लिहायला बसले. पाठवायचा पत्ता नाही, आणि ते एका परीने बरंच आहे. कारण मी वर्गात उठसूट "आमच्या बाई म्हणायच्या" असं म्हणते, आणि त्यातली निम्मी वाक्यं तुम्ही कधी म्हटलेलीच नाहीत. ती माझी असतात. तुमच्या नावावर खपवली की मुली नीट ऐकतात.