आत्याच्या पडीक शेताची राखण

ती. आत्याच्या दोन्ही गुडघ्यांना (जुन्या आणि नव्या) भाच्याचा वाकून नमस्कार.

नवा गुडघा अंगवळणी पडला का? ताईच्या घरी जिने फार आहेत, जपून. मी इथे मजेत आहे. तुझ्या पलंगावर झोपतो, तुझ्या कोंबड्यांची अंडी खातो आणि तुला दुवा देतो. याच्या हातून काही होणार नाही म्हणून सगळ्यांनी माझा नाद सोडला, तेव्हा काहीच करायचं नसलेलं काम शोधून तू मला दिलंस. मला इतकं नीट ओळखणारं माणूस दुसरं नाही.

जाताना तू म्हणालीस, मागच्या शेताला हात लावू नकोस. मला वाटलं, माझे कष्ट वाचावेत म्हणून म्हणतेस. (तुझा स्वभावच तसा. बसपर्यंत माझी पिशवी तूच धरायचीस. पुढे ती मी बसमध्ये विसरलो, ती शोधताना कंडक्टरशी दोस्ती झाली आणि त्याच्याच घरी पावसाळा काढला. असो.) पण रोज फुकटची अंडी खाऊन मन खायला लागलं. तुझ्यासाठी काहीतरी करावं म्हणून कुदळ उचलली, अर्धं शेत खणलं आणि सूर्यफुलं पेरली. हातांना घट्टे पडले, जन्मात पहिल्यांदा. ते दाखवायला शेजारच्या ट्रॅक्टरवाल्या काकांकडे गेलो. काकांनी घट्टे पाहिले, शेत पाहिलं आणि बांधावर बसकणच मारली.

"अरे बाबा," म्हणाले, "तुझ्या आत्याला सरकार अनुदान देतं ते शेत पडीक ठेवण्याचं. पाखरांसाठी. पेरलंस की बंद. आणि तिचा गुडघा त्याच पैशांच्या भरवशावर बसवलाय. उद्या पाहणीच्या बाई यायच्यात."

हे तू मला सांगायचं नाही का? (सांगितलं असशील. त्या वेळी मी बहुतेक कोंबड्यांना नावं ठरवत होतो. तांबडीचं अजून ठरत नाही.)

अंधार पडेपर्यंत बिया उकरत बसलो. निम्म्या सापडल्या नाहीत, सापडलेल्या खिशातून सांडल्या. सकाळी बाई आल्या, पायात गमबूट, गळ्यात दुर्बीण. सगळं कबूल करायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू. उडतील." वळून पाहतो तर पंचक्रोशीतली पाखरं माझ्या बियांवर तुटून पडलेली. बाई तिथेच मातीत उकिडव्या बसल्या. एवढी पाखरं एका शेतात त्यांनी अख्ख्या नोकरीत पाहिली नव्हती. माती भुसभुशीत ठेवलीत हे फार छान केलंत, म्हणाल्या. मी नम्रपणे खाली पाहिलं. (नम्रपणा कसला, खिशातून अजून बिया सांडतायत का बघत होतो.) तर अनुदान मंजूर, गुडघ्याची चिंता सोड. सरकारचे उपकार, बाईंचे उपकार, पाखरांचे तर फेडायचे कसे तेच कळत नाही. आणि तुझे त्याहून मोठे.

तुझाच,
भटक्या

ता.क. पत्र टाकायला निघालो, वाटेत एक विहीर खणत होते ते बघत राहिलो, आणि पत्र आठवडाभर खिशातच राहिलं. तेवढ्यात बांधाकडची एक ओळ उगवली. ती उकरायची राहून गेली होती. अगदी सरळ आली आहे. निसर्गाला एवढं सरळ जमत नाही, असं काका म्हणतात. बाई पुढच्या महिन्यात साहेबांना घेऊन येणार आहेत, आदर्श शेत दाखवायला.

आणखी ता.क. उपटायला गेलो होतो. आत्या, दोन-दोन पानं आली आहेत गं. मी लावलेलं आजवर काही उगवलं नव्हतं. न्हाणीमागे तू कपडे वाळत घालतेस, तेवढी जागा देशील का? शेतात खूणही ठेवणार नाही. लगेच कळव.

शेवटचं ता.क. कळवायची घाई नको. कपड्यांची दोरी कालच ओसरीत बांधली. नव्या जागेत रात्रभर रोपं माना टाकून होती, आज उभी राहिली. ओळ मात्र या वेळी वाकडी ठेवली आहे, कुणी विचारलंच तर.