घाटाचा ठेका आणि कलम सातवे

तीर्थस्वरूप श्रीहरीमामांस कुंताचा साष्टांग नमस्कार.

आपल्यासारख्या कचेरीतील माणसास मजसारख्या मुलीने आपणहून पत्र लिहावे, हा आगाऊपणा आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. मामींची कंबर आता वाकू देते का? आई बरी आहे. बाबा मात्र बरे नाहीत. म्हणजे ताप नाही, पण पुसलेले वल्हे पुन्हा पुसत बसतात.

कारण आपण जाणताच, फाइल आपल्याच कचेरीत आहे. आमच्या वैनगंगेच्या घाटावरील दोन्ही सरकारी नावा यंदा ठेक्याने दिल्या गेल्या. वीस वर्षे बाबा तेथचे नावाडी. पलीकडून कोणी हाक दिली की नाव सोडायची, आणि धान निघाले की घरटी एक सूप धान नावाड्यास, ही वहिवाट. आता ठेकेदार मनसारामभाऊंनी 'सुधारित सेवा' असा फलक लावला आहे. माझा त्या फलकावर विश्वास नाही. सेवा सुधारली असती तर फलकावाचून दिसली असती. दोन नावांपैकी एक झाडाखाली पालथी आहे (तिच्यावर ठेकेदार बसतात), आणि दुसरी दहा माणसे जमल्याशिवाय हलत नाही. परवा ब्रह्मपुरीला माझी महाविद्यालयाची चाचणी होती. आम्ही आठच जण होतो. वाट पाहता पाहता माझा पहिला पेपर नदीच्या अलीकडेच संपला. मग केसरबाई शेळी घेऊन आल्या, आणि भाड्याच्या चिठ्ठ्या फाडणारा नथ्थू शेळीचीही चिठ्ठी फाडू लागला.

"काऊन रे नथ्थू, शेळीले बी चिठ्ठी?"

"शेळी पोहून येऊन राह्यली का बाई? नाई ना? मंग!"

"मंग तिले मानसात मोज! झाले ना दहा? सोड नाव!"

नथ्थूने बोटांवर मोजून पाहिले, आणि नाव सुटली. माझा दुसरा पेपर त्या शेळीच्या कृपेने झाला.

येत्या एक डिसेंबरपासून बाबांना व त्यांच्या दोन्ही सोबत्यांना काढून कमी मजुरीची माणसे आणणार आहेत. सुपाची वहिवाटही बंद. मला संशय आहे की हा एकट्या मनसारामभाऊंचा उद्योग नाही. दोन ओळींत चार खाडाखोडी करणारा हा गृहस्थ. पण ठेक्यासाठी केलेला त्यांचा अर्ज इतका सुबक होता म्हणे, की आपल्या कचेरीतील साहेबांनी तो सर्वांना वाचून दाखविला. त्यांच्या पाठीशी नक्कीच कोणी फार शिकलेली व्यक्ती आहे.

आपली आज्ञाधारक भाची,
कुंता

ता. क. : ती व्यक्ती मी. मनसारामभाऊ साखरेचा पुडा घेऊन घरी आले, "पोरी, तुह्यासारखं अक्षर तालुक्यात नाई" म्हणाले, आणि घाटाची सुधारणा करायची आहे एवढेच बोलले. स्तुती ऐकली की मला पुढचे प्रश्न सुचत नाहीत. बाबांनी सारे कळल्यावर एकदाच विचारले, "एवढं चांगलं लिहाले तुले कोनं सांगतलं होतं?"

ता. क. दुसरा : मनसारामभाऊंनी अर्जासाठी सहा कलमे सांगितली. पानाच्या तळाशी जागा उरली; रिकामी जागा मला पाहवत नाही, म्हणून सातवे कलम मी माझ्या मनाने घातले : 'सध्याचे नावाडी व सुपाची वहिवाट ठेक्याच्या मुदतीत कायम राहतील.' मनसारामभाऊंनी न वाचता सही केली. साहेबांनी वाचून अर्ज जसाच्या तसा मंजूर केला, आणि आता दोघांनाही ते कलम आठवत नाही. मामा, त्या अर्जाची शिक्क्यासह नक्कल मला एक तारखेपूर्वी हवी आहे. फाइलमधील पाने कधी कधी आपोआप गळतात, असे ऐकते. तेव्हा उद्यावर टाकू नये.

ता. क. तिसरा : टपालाची थैलीही आता ठेकेदाराच्याच नावेतून जाते, म्हणून हे पत्र मी थैलीत टाकलेले नाही. केसरबाईंची शेळी परवा विकली गेली नाही. त्या आज पुन्हा बाजाराला निघाल्या आहेत. तिकडच्या पेटीत त्या टाकतील. (शेळी विकण्यापूर्वी फडके सोडून घ्यावे, हे त्यांना तीनदा सांगितले आहे.) चिठ्ठी फाडलेल्या उतारूस नथ्थू हटकत नाही.

शेळीच्या गळ्यातील फडक्यात बांधून रवाना : शनिवार, दि. १४ नोव्हेंबर १९८७, सकाळी सात वाजून दहा मिनिटे.