सात सेकंद पुढे

शनिवार, २० एप्रिल

प्रिय खारूताई,

या नावाने हाक मारायचा हक्क मला अजून आहे की नाही, ठाऊक नाही. दुसरं नाव सुचत नाही. तू बरी असशील. इकडे आम्ही ठीक. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे. कामाचंच आहे.

तुझे बाबा, आमचे काका, गेल्यापासून बंद असलेली वरची तुमची खोली तू महिनाअखेरीस सोडणार, असं घरमालकांनी सांगितलं. सामान न्यायला माणसं तीस तारखेला, मंगळवारी यायची आहेत. माझी विनंती एवढीच, की त्यांनी तीन दिवस उशिरा, शुक्रवारी यावं. ते जमणार नसेल तर निदान काकांचा जुना टीव्ही, गच्चीवरचा अँटेना आणि त्याची वायर तोवर हलवू नये. घरमालकांची हरकत नाही. तुझी नसेल तर दोन ओळी कळव.

एक मेला, बुधवारी, आपल्या फुटबॉल संघाचा उपांत्य फेरीचा दुसरा सामना आहे, आपल्या मैदानावर. आपण युरोपीय स्पर्धेत इतक्या पुढे शेवटचे गेलो तेव्हा आपण दोघी शाळेतही जात नव्हतो. त्यामुळे आमच्या जिन्यात सध्या कुणी धड बोलत नाही. 'अंतिम' हा शब्द उच्चारायला बंदी आहे. लाँड्रीवाल्यांनी परवा चुकून म्हटला, तर समोरच्या नर्सबाई त्यांना म्हणाल्या, "तोंडाला इस्त्री मारा आधी." बाबांनी आपला जुना मफलर धुवायला दिलेला नाही. जिंकलेल्या दिवशीचा घाम जाईल म्हणतात. डेपोतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण सामन्याच्या दिवशी ते अजून बस काढायची असल्यासारखे पहाटे उठून बसतात.

ऑफिसात परवा नव्या मुलांना सिग्नलचा उशीर शिकवायचा होता. मी काकांचं उदाहरण दिलं. म्हटलं, वरच्या मजल्यावर अँटेना आहे, खालच्या मजल्यावर इंटरनेटची पेटी. सामना एकच, पण वर तो सात सेकंद आधी दिसतो. आपला गोल झाला की वरचे गृहस्थ टाच आपटतात, आणि खालच्यांना बघायच्या आधीच कळतं. एकाने विचारलं, "मग खालच्यांची मजा जात नाही?" मी म्हटलं, खालच्यांना गोल दोनदा मिळतो. हे वाक्य बाबांचं आहे, ते मी सांगितलं नाही.

बाबांच्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. दोन मे ठरली आहे, सामन्याच्या दुसऱ्या दिवशीची. घाबरण्यासारखं काही नाही, डॉक्टर रोजच करतात. फक्त बाबांनी अजून होकार दिलेला नाही. "सामना होऊ दे," एवढंच म्हणतात.

टीव्हीचं तेवढं बघ.

तुझी,
खालच्या मजल्यावरची


रविवार, २८ एप्रिल

प्रिय खारूताई,

तुझं पाकीट मिळालं. 'टीव्ही राहू दे. पण रिकाम्या खोलीत टीव्ही कशाला, ते खरं सांग. तू कारणाशिवाय काही मागत नाहीस.' दोनच ओळी मागितल्या होत्या, तीन आल्या. हे उत्तर कुरिअरने पाठवते आहे, म्हणजे उद्या दुपारी तुझ्या हातात पडेल.

पहिला सामना आपण त्यांच्या मैदानावर एका गोलने हरलो, हे तू पाहिलं असशीलच. म्हणजे बुधवारी नुसतं जिंकून भागणार नाही. एका गोलने जिंकलो तर दोन्ही सामने मिळून बरोबरी, जादा वेळ, मग पेनल्टी. लाँड्रीवाल्यांनी गिऱ्हाइकांच्या शर्टांच्या कॉलरमध्ये दोन-शून्याच्या चिठ्ठ्या घालायला सुरुवात केली आहे. नर्सबाईंनी रजा मिळवली. 'घरी आजारपण' असं कारण दिलंय. बाबा म्हणाले, "खोटं नाही ते. चौघांना ताप आहे."

आता खरं कारण.

काका गेल्यापासून बाबा सामने बघत होते, पण छताकडे बघून. गोल झाला की सगळे उठायचे, हे बसून राहायचे. काकांना ते घड्याळवालाच म्हणायचे. एकदा म्हणाले, "पूर्वी घड्याळवाला आधी सांगायचा. लेकाचा सात सेकंद पुढेच जगायचा. आता सगळं अंगावर येऊन आदळतं." जेवण कमी झालं. झडपेचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांशी इतके निवांत बोलले की मला ते आवडलं नाही.

खोलीची चावी तू आमच्याकडे ठेवली होतीस. सतरा तारखेला, उपांत्यपूर्व फेरीच्या सामन्याला, मी ऑफिसात काम असल्याचं सांगून वर गेले. टीव्ही सुरू केला. काकांच्या खुर्चीत बसले नाही, पलंगाच्या कडेला बसले. पूर्वार्धात आपला गोल झाला आणि मी टाच आपटली.

खाली एकदम सगळं गप्प झालं. मग बाबांचा आवाज आला, "आला रे." आणि मग, सात सेकंदांनी, सगळ्यांचा ओरडा.

तुला वाटतं तशी मी नाही. अंत्यविधीच्या दिवशी तू मला विचारलं होतंस, "तू माणूस आहेस की मीटर?" मी काकांच्या शेवटच्या श्वासाची वेळ तुला मिनिटासकट सांगितली होती. तुला उशीर झाला होता आणि मला दुसरं काही देता येत नव्हतं, म्हणून जे अचूक होतं ते दिलं. असो. बाबांचा तो आवाज ऐकून मला वर बसवेना. टीव्ही बंद केला, भिंतीवरचं बटणही बंद केलं, दाराला कुलूप लावलं आणि खाली निघाले.

मधल्या वळणावर पोचले तेव्हा डोक्यावर टाच आपटल्याचा आवाज झाला. एकदाच. तुमच्या खोलीत.

मी तिथेच थांबले. खाली आमच्या घरातून बाबांचं हसणं ऐकू आलं. मग दुसऱ्या गोलचा ओरडा.

मी माझ्या पद्धतीने सगळं तपासलं. दुसऱ्या दिवशी वर गेले. कुलूप लावलं तसंच होतं, बटण बंद. खिडकीला आतून कडी. उन्हाने तापलेली फळी संध्याकाळी आवाज करते, हे मला माहीत आहे. गच्चीवर कुणी असू शकतं. वरून काही पडू शकतं. या सगळ्याने आवाज होईल. पण गोल होणार आहे, हे यांतल्या कशालाच आधी कळत नाही. शेजारच्या इमारतींत कुणाकडे अँटेना आहे का, तेही पाहिलं. नाही.

तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा हे सगळं माहीत होतं. तरी माझा विचार सरळ होता. बाबांना टाच ऐकू आली की त्यांना उमेद येते. बुधवारी मी वर बसेन, आपला गोल झाला की आपटेन, गुरुवारी ते माझ्याबरोबर हॉस्पिटलात येतील. यात फसवाफसवीही फारशी नव्हती. गोल नसताना मी टाच आपटू शकत नाही, सात सेकंदांत खोटं उघडं पडतं. दुसऱ्या आवाजाचं काय करायचं ते मी नंतरवर टाकलं होतं.

आज सकाळी बाबा मफलर खिडकीत वाळत घालत होते. न धुतलेला. मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी पहिल्यांदा वर मी होते."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तुझी टाच हलकी आहे. घड्याळवाला आपटायचा तेव्हा दिव्याची तार हलायची."

"मग बोलला का नाहीत?"

"तू म्हाताऱ्यासाठी एवढे जिने चढलीस. म्हटलं, चढू दे. दुसऱ्या वेळी मात्र तार हलली."

मी फळीचं, उन्हाचं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं. डेपोत नव्या ड्रायव्हरचं ऐकून घ्यायचे तसं. मग म्हणाले, "अगं, तो आयुष्यभर मला आधी सांगत आला. आधी तो बघायचा, मागून मी. आता पुढे जाऊन बसलाय आणि सांगतोय. बुधवारी तू वर जाऊ नकोस. खाली माझ्याशेजारी बस. गोल झाला आणि वर शांत असलं, तर समजेन की तो गेला. मग तू म्हणशील त्या दवाखान्यात येतो."

"आणि आवाज आला तर?"

"तर मला कशाला कापायचं? सात सेकंदांचंच तर अंतर आहे."

हे ते हसत म्हणाले. मफलरची टोकं जुळवत म्हणाले.

म्हणजे ज्या आवाजाने ते जगतील असं मी धरून चालले होते, त्याला ते बोलावणं समजतात. मी नेमकं उलटं वाचलं. माझ्या कामात अशी चूक मी दुसऱ्याला माफ करत नाही.

त्यांनी शब्द दिला आहे आणि ते शब्द पाळतात. आता बुधवारी गोल व्हावेत असं वाटणारा सगळा जिना असेल, आणि त्यात मी छताकडे बघत बसलेली. एकही गोल न होता आपण हरलो, तर गुरुवारी त्यांना कसं न्यायचं, तेही मला माहीत नाही. लाँड्रीवाले आज म्हणाले, "तू एवढी पांढरी का पडलीस? आपलं मैदान आहे, बाई." मी म्हटलं, दोन गोल लागतात.

खारूताई, मला भीती वाटते. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि परत लिहिलं.

तू ये. बुधवारी दुपारच्या गाडीने निघालीस तरी सामन्याआधी पोचशील. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. खाली येऊही नकोस, सरळ वर जा. काकांची खुर्चीही मंगळवारी न्यायला देऊ नकोस; तिच्यात बस, टीव्ही लाव आणि सामना बघ. आपला गोल झाला तर तुला जे करावंसं वाटेल ते कर. आपट, ओरड, रड. तुझी टाच बाबा ओळखतील. तू रांगायचीस तेव्हापासून त्यांनी ती छतातून ऐकली आहे. वर तू आहेस हे त्यांना कळलं की मग त्यांच्यासाठी तिथे कुणी थांबलेलं नसेल.

तू नाही आलीस तर मी खाली बाबांचा हात धरून बसेन आणि मोजेन. पण त्या खोलीत त्या दिवशी कुणीतरी जिवंत माणूस असायला हवं, आणि तिथे बसायचा हक्क असलेलं आता एकच आहे.

खालून वर कान लावून बसलेली,
तुझीच